दोनदा वाजणारा निरोप

बुधवार, ९ एप्रिल २०२५. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या सगळे म्हणतील, "साधारण सकाळी." साधारण नाही! सहा दहा. पहिला निरोप तेव्हाचा आणि शेवटचा सहा एकतीसचा. एकवीस मिनिटांत अकरा निरोप. मोटर ऑन. मोटर ऑफ. मोटर ऑन. मोटर ऑफ. तिसऱ्यालाच मी फोन उशीखाली कोंबला आणि कूस बदलली. बाकीचे नंतर वाचले, चहा पिताना. अकरावा होता मोटर ऑन. त्यानंतर काही नाही.

काही नाही, कारण मोटर जळाली होती.

गावाला पाणी देणारी नदीवरची मोटर. तीन वाड्यांचं पाणी त्या एका मोटरवर. आणि एप्रिल महिना! साडेसातला गावातली गोदू हंडा घेऊन दारात. "अगो यशोधरा, तुमच्या समितीने आज कसला उपास धरलाय? नळाला थेंब नाही."

दहापर्यंत सगळ्या गावाने निकाल लावला होता. दयारामने वाट लावली. दयाराम पंपवाला. गेली एकवीस वर्षं तो पाणी सोडतो. एक दिवस खाडा नाही. तापात होता तेव्हासुद्धा हाताखालच्या सदूला सगळं शिकवून त्याच्याकडून करून घेतलं. आज म्हणे तो दारू पिऊन बटणं दाबत बसला होता! दयाराम आयुष्यात प्यायलेला नाही. पण बोलणाऱ्याला काय लागतं.

आता काहीतरी आभार. शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, रागावलीस तरी चालेल, पण एक आभार लिहिल्याशिवाय वही मिटायची नाही. साठ वर्षं होत आली, सवय जात नाही. तर — आमच्या वाडीतली विहीर अजून आहे, तिचे आभार.


गुरुवार, १० एप्रिल

दयाराम आला. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. वर बस म्हटलं तर नाही.

"काय झालं ते सरळ सांग. मी ओरडणार नाही."

"तुमी वरडताव हमेशा."

"आज नाही ओरडणार."

मग बोलला. मी इथे नीट मांडून ठेवते, कारण हे मलाही आजच कळलं. आणि मी पाणी समितीची सचिव!

नदीवर मोटरीशेजारी एक खोका आहे, त्यात सिमकार्ड. दयाराम वर टेकडीवर टाकीपाशी असतो, नदीपासून दीड मैल. तो आपल्या बटणाच्या फोनवरून खोक्याला रिंग देतो. एक रिंग दिली की मोटर चालू. परत दिली की बंद. खोका ते कंपनीच्या सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर आम्हा दोघांच्या फोनवर निरोप पाठवतो. पाणी टाकीत पडायला पाऊण तास लागतो. तोवर मोटर लागली की नाही, हे कळायला दयारामकडे तेवढा फोनच.

निरोप येतो इंग्रजीत. दयाराम तिसरी शिकलेला, तोही मराठी.

"मग तुला कळतं कसं रे?"

माझ्याकडे त्याने अशी नजर टाकली की वेडी मीच. "दोनदा वाजला का चालू. एकदा वाजला का न्हाय."

मला एकदम आठवलं. खरंच की! मोटर चालू झाल्याचा निरोप गेली सहा वर्षं दोनदा यायचा. तोच, तसाच, पाठोपाठ. बंद झाल्याचा एकदा. मला ती खोक्याची खोड वाटायची. दयारामला ती भाषा होती.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"कुनी कशाला शिकवाया पायजे? तो सांगतंय ना सवताच. सदूला पन मी त्येच शिकवला."

काल पहाटे एकदाच वाजला. दयारामला वाटलं, मोटर लागली नाही. परत रिंग दिली — म्हणजे चालू मोटर बंद केली! पुन्हा एकदाच वाजला. परत रिंग. उचल, थांब, उचल, थांब. एवढ्या मोठ्या मोटरीला एकवीस मिनिटांत सहा वेळा उठवलं. आतली तार किती सोसणार?

"बाय, मी काय येडा हाय? एकदाच वाजला ना. म्हनलं लागली न्हाय."

"वेडा नाहीस."

मग म्हणाला, "तुमी तवा—" आणि थांबला.

"काय तेव्हा?"

"काय न्हाय. च्या द्या."

चहा दिला. दोन कप प्यायला. ओरडले नाही, याबद्दल माझे मीच आभार मानते.


शुक्रवार, ११ एप्रिल

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन. अठ्ठावीस मिनिटं सनई ऐकवली. मग एक मुलगा. "मॅम, तुमचं डिव्हाइस ओके दाखवतंय. मोटर यूझरच्या चुकीने गेलीय. वारंवार ऑन-ऑफ केलंय."

"का केलंय, ते विचारा ना!"

"मॅम, तो आमचा इश्यू नाही."

मी ज्या टेलिफोन खात्यात एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, तिथे "माझा इश्यू नाही" म्हणणारी मुलगी दुपारपर्यंत हेडफोन उतरवून घरी गेली असती. त्याला हे सांगितलं. त्याने परत सनई लावली.

संध्याकाळी ग्रामपंचायतीची नोटीस. मला नाही, दयारामला. ग्रामसेवक विवेकने स्वतः नेऊन दिली. "निष्काळजीपणे मोटर वारंवार चालू-बंद करून मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल आपणास कामावरून कमी का करण्यात येऊ नये." पंधरा दिवसांत खुलासा. अठ्ठावीस तारखेच्या सभेत निर्णय.

सरपंच भावनाकडे तडक गेले. चांगली मुलगी आहे. मान खाली घालून म्हणाली, "बाई, माझ्याही जीवावर आलंय. पण मोटर जळलीय ना! वर कळवायचं तर कागदावर कोणाचं तरी नाव लागतं."

"मग कंपनीचं लिही."

"कंपनी म्हणते त्यांचं सगळं बरोबर. तुम्ही दाखवून द्या, मी फाडते नोटीस."

दाखवून देते!

रात्री जेवायच्या आधी कंपनीला पत्र लिहून पाठवलं. शेवटचं वाक्य माझ्या सगळ्या पत्रांत असतं तेच. आपले लेखी उत्तर बुधवार, १६ एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे. भाचा म्हणतो, आत्या, तुझ्या पत्रांनी एसटीचा डेपो मॅनेजर बदली मागतोय. मागू दे. बोर्लीची सकाळची गाडी आता वेळेवर येते की नाही? या वर्षी नुसत्या जानेवारीतच सात पत्रं लिहिली. एसटी, वीज, पोस्ट, कोण कोण. आता आठवतही नाहीत सगळी.


शनिवार, १२ एप्रिल

मोटर माणगावला गेली, तार नव्याने भरायला. पाच दिवस म्हणाले.

तोवर सगळं गाव आमच्या विहिरीवर. सकाळी साडेसहाला चाळीस हंडे मोजले. रांगेत गोदू. तिची सुपारीची वाडी, तिची स्वतःची विहीर, पण ती एप्रिलात आटते. आमची आटत नाही.

ही विहीर माझ्या आजोबांनी खणली. का खणावी लागली ते सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. आज त्याच घरांच्या कळश्या इथे. गोदू कळशी भरता भरता म्हणाली, "पाणी गोड आहे गो तुमचं." मी म्हटलं, "नेहमीच होतं." ती हसली. लाजून हसली असं वाटलं. मीही हसले.

आजोबांचे आभार.


रविवार, १३ एप्रिल

दुपारी झोप नाही. एक जुनी गोष्ट आठवत राहिली.

ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा वीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं म्हणून घेतलं. त्या काळात पीपी कॉल असायचा — अमुक माणूस असेल तरच जोडायचा. माणूस नसेल तर बोलण्याचे पूर्ण पैसे नाहीत. लोकांनी त्यातून काय काढलं! मुंबईहून एक गोदी कामगार दर शनिवारी श्रीवर्धनला कॉल लावायचा. "कान्हा आहे का?" पलीकडून बाई म्हणायची, "कान्हा नाही." संपलं. कान्हा नावाचं कोणी नव्हतंच त्या घरात. अर्थ एवढाच, की पगार झाला, उद्याच्या गाडीने निघतो. ज्या शनिवारी "दयाराम आहे का?" विचारी — हो, हेच नाव! — त्या आठवड्यात तो येणार नसे.

मी नवी, शिस्तीची. सुपरवायझर मिस पिंटोंना जाऊन सांगितलं, हा माणूस खात्याला फसवतो, त्याची लाइन बंद करा. त्यांनी मला शेजारी बसवलं, दुसरा हेडफोन दिला. शनिवारी कॉल आला. "कान्हा आहे का?" पलीकडची बाई "नाही" म्हणाली, पण म्हणताना हसत होती. मागे पोरं ओरडत होती.

मिस पिंटो म्हणाल्या, "आता सांग. कापू?"

नाही कापली. त्यांनी मला तेवढंच शिकवलं. एखाद्या तारेवर आपल्याला चूक दिसते, तिथे दुसऱ्याचं काय चाललं असेल ते आधी ऐकायचं. मग हात लावायचा.

कंपनीतल्या पोरांना कोणी मिस पिंटो भेटल्या नाहीत, हेच खरं. मला भेटल्या. केवढं नशीब!


सोमवार, १४ एप्रिल

जयंती. विहिरीचं पाणी, दोनशे माणसांचं जेवण. हंडे वाहून आणणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण? नोटीस मिळालेला दयाराम. तो आमच्या वाडीतला नाही, त्याला कोणी बोलावलंही नव्हतं. म्हणाला, "पानी द्यायचा काम माझा. पायपानं नायतर खांद्यानं."

आज लिहायला एवढंच पुरे आहे.


मंगळवार, १५ एप्रिल

फोन आला! कंपनीतून, आश्लेषा नावाची मुलगी. मदतकेंद्रातली नव्हे, तो सर्व्हरचा प्रोग्राम लिहिणारी. पत्र तिच्याकडे पोचलं, तिने तीनदा वाचलं म्हणे.

"मॅडम, ॲक्चुअली तो बग होता. दोनदा मेसेज जाणं. आम्ही तो आठ तारखेला रात्री फिक्स केला."

"फिक्स केलात? माझ्या गावाला फिक्स केलंत!"

मला वाटलं, आता फोन ठेवते. पण नाही. म्हणाली, "सांगा ना मॅडम. ते दयाराम नेमकं काय ऐकायचे?"

सांगितलं. दोनदा म्हणजे चालू, एकदा म्हणजे नाही. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग हळूच म्हणाली, "अरे देवा. त्यांनी तर अगदी बरोबर ओळखलं होतं."

मग तिने मला समजावलं, आणि चांगलं समजावलं. मोटर उचलते त्या क्षणी व्होल्टेज पडतं. खोक्याने निरोप पाठवलेला असतो, पण सर्व्हरची पोच त्याला ऐकू येत नाही. त्याला वाटतं, पोचला नाही, म्हणून तो परत ओरडतो. म्हणून दोनदा. मोटर बंद होताना व्होल्टेज पडत नाही, म्हणून एकदा. म्हणजे दुसरा टिंग खोटा नव्हता! मोटरने खरोखर भार उचलला, त्याचाच तो आवाज. तिसरी शिकलेल्या माणसाने सहा वर्षांत कान लावून हे काढलं, आणि कंपनीने ते कचरा म्हणून पुसलं.

"नव्या खोक्यांत हे होतच नाही," ती म्हणाली. "जुने त्रेचाळीस आहेत अजून बाहेर. मी आताच नोंदी बघतेय... मॅडम, थांबा हं." टकटक टकटक. "नऊ तारखेला सकाळी आणखी अकरा ठिकाणी लोकांनी असंच पुन्हा पुन्हा रिंग केलंय."

"म्हणजे आणखी अकरा दयाराम."

"हो."

"मोटरी?"

"त्यांच्या वाचल्या बहुतेक. मी प्रत्येकाला फोन करते. आज."

मुरुडची निघाली मुलगी. आजोबांची नारळाची वाडी. विचारलं, तिथे मोटर कोण चालवतं? म्हणाली, "आजोबाच. मोटर लागली की नाही हे ते पाइपला हात लावून बघतात." मग स्वतःच हसली. "म्हणजे मला कळायला हवं होतं."

ठेवताना मॅडमची मावशी झाले होते. कंपनीवरचा राग शाबूत आहे. तिच्यावर मात्र धरवत नाही. चूक सांगितल्यावर आधी ऐकून घेणारी माणसं मला आयुष्यात बोटांवर मोजण्याइतकी भेटली. एक आज वाढली.


बुधवार, १६ एप्रिल

चार चाळीसला लेखी उत्तर. मुदतीच्या वीस मिनिटं आधी! फोनवर वाचलं, मग भाच्याकडून कागदावर काढून घेतलं.

आश्लेषाने केलंय ते असं. खोका निरोपासोबत आपण कोणत्या पिढीचे आहोत ते सांगतो. जुन्या पिढीचा असेल तर सर्व्हर दोन्ही निरोप पुढे सोडणार, जसे आधी सोडत होता तसे. नव्यांना एकच. आणि इथून पुढे जुन्यांचं काही बदलायचं असेल तर आधी पंपवाल्याला फोन करून विचारायचं, तो हो म्हणाला तरच. तिने वर स्वतःच्या शब्दांत लिहिलंय, "मावशी, दुरुस्ती मागे घेतलेली नाही. ज्याला हवी त्याला ती मिळेल. ज्याचं तिच्याविना नीट चाललंय, त्याचं तसंच चालेल."

एवढंच हवं होतं. नवं करू नका असं मी कधीच म्हटलं नाही. जुन्याच्या अंगावरून जाऊन करू नका.

पण पत्रात एक वाक्य आहे, ते खुपलं. "सदर बदल एका ग्राहकाच्या लेखी तक्रारीवरून करण्यात आला होता."

पत्र घेऊन पंचायतीत. विवेकने नेमकं तेच वाक्य पकडलं. "बघा बाई. ग्राहकाने मागितलं, कंपनीने दिलं. कंपनीचं नाव कसं घालू? रिंगा तर दयारामनेच दिल्यात."

"आणि तो ग्राहक कोण?"

"मला काय माहीत?"

भावना म्हणाली, "ते नाव आणा बाई. मग बघू."

घरी येऊन आश्लेषाला फोन. "कोण हा शहाणा? सहा वर्षं त्रेचाळीस गावांचं सुरळीत चाललेलं, आणि याला उपद्व्याप सुचला!"

"मावशी, नाव नाही सांगता येत."

"का?"

"नियम आहे... आणि तक्रार चुकीची नव्हती हो. खरंच दोनदा जात होता मेसेज. आम्हीच नीट विचारायला हवं होतं, आणखी कोणाला लागतो का म्हणून."

"त्याची बाजू घेऊ नकोस."

"नाही घेत," ती म्हणाली. आवाज विचित्र वाटला.

उद्या लेखी मागणार. तक्रारीची प्रत, नावासह.


गुरुवार, १७ एप्रिल. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

मोटर काल रात्री बसवली. पाचपासून जागी होते, फोन हातात.

टिंग. टिंग.

इतका गोड आवाज मी एकोणचाळीस वर्षं फोनच्या खात्यात राहून ऐकला नव्हता!


शुक्रवार, १८ एप्रिल

नळाला पाणी. गोदूने कैऱ्या पाठवल्या, विहिरीचं भाडं म्हणून. वर निरोप, "लोणचं घाल, आणि मला अर्धं दे." हिचं भाडंसुद्धा परत जाणारं.

दयाराम भेटला. खूश. "बोलाया लागला बगा परत." जसा काही घरातला आजारी माणूस उठून बसला.

मी म्हटलं, नोटीस अजून आहे तुझ्यावर. त्या तक्रार करणाऱ्याचं नाव मिळू दे, त्याला उभा करते सभेत.

"ऱ्हाऊ द्या बाय."

"का राहू द्यायचं? तुझी एकवीस वर्षं जातील त्याच्यापायी."

"त्याला तरी काय ठावूक व्हता? त्यानं बरं व्हावं म्हनूनच लिवलं आसंल."

"तू फार भला आहेस. म्हणून मार खातोस."

तो पायाने माती उकरत राहिला. "बाय, तुमी माझ्यासाटी येवढी धावपळ केलीत. मला त्येवढा पुरं हाय. ते नाव-बिव नका काढू."

मला रागच आला. अशाने अन्याय करणारे मोकाट सुटतात! तिथल्या तिथे आश्लेषाला दुसरं पत्र लिहिलं. प्रत हवी. नाव हवं.


रविवार, २० एप्रिल

ईस्टर. शाळेत या दिवशी सिस्टर बर्नाडेट रंगवलेली अंडी वाटायच्या. आम्हा मुलींना, ज्यांच्या घरून डब्यात फक्त भाकरी यायची त्यांना, दोन. का दोन हे त्या सांगत नसत. आम्ही विचारत नसू.

किती जणांनी न बोलता काय काय दिलं मला. मोजायला बसले तर वही पुरायची नाही.

संध्याकाळी आश्लेषाचा निरोप. "मावशी, तुम्ही दोनदा मागितलंत म्हणून पाठवतेय. तुम्हाला ही प्रत मागायचा पूर्ण हक्क आहे. उघडण्याआधी एकदा मला फोन कराल?"

केला नाही. उघडली.

चष्मा पुसला. परत वाचली.


सोमवार, २१ एप्रिल

आज पंचायतीत दिलेल्या पत्राची नक्कल इथे उतरवून ठेवते.

"सरपंच भावनाताईंस,

मोटर जळण्यास कारण झालेल्या तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. तारीख १९ जानेवारी. मजकूर असा: 'मोटर चालू झाल्याचा एकच निरोप दोनदा येतो. हा गबाळेपणा आहे. तातडीने बंद करावा.' तक्रार करणारी व्यक्ती मीच. लिहिली आणि विसरले.

लिहिली तेव्हा दयाराम माझ्या ओट्यावर चहा पीत होता. मी म्हणाले, तुझा खोका तोतरा बोलतो, त्याला सरळ करते. तो म्हणाला, बोलू दे की बाय, मला समजतंय ना. कसं समजतं, हे मी विचारलं नाही. ९ एप्रिलला सकाळी अकरा निरोप मलाही आले होते. मला इंग्रजी वाचता येतं. मी फोन उशीखाली ठेवला.

दयारामला हे सगळं आठवत होतं. नोटीस हातात असताना त्याने माझं नाव कोणालाही सांगितलं नाही. त्याचे आभार मी त्याच्या घरी जाऊन मानीन, तो विषय पंचायतीचा नव्हे.

कागदावर कोणाचं तरी नाव लागतं, असं तुम्ही म्हणाला होतात. दयारामवरील नोटीस रद्द करून ती माझ्या नावे काढावी. तसे केल्याचे आपले लेखी उत्तर शुक्रवार, २५ एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे.

— यशोधरा तांबे"